बिनकुलपाची शाळा आणि आबांचा दोर

किस्से साठतात ते माणसं एकत्र राहतात म्हणून नाही; माणसं एकमेकांवर नजर ठेवून असतात म्हणून साठतात, असं माझं पक्कं मत आहे. कॉलेजची सगळी वर्षं काढली, पण सांगण्यासारखे किस्से जेमतेम दोन. आणि सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत, माळावरच्या त्या निवासी शाळेत एकच वर्ष राहिले, तर आजही आमच्या ग्रुपवर कुणीतरी नुसतं 'पावडर' किंवा 'लाडू' असं टाकतं आणि दुपारभर फोन थरथरत राहतो.

शाळा म्हणजे लहान मुलांची नव्हे. जळगाव-धुळ्याकडची पदवी झालेली आम्ही पोरंपोरी, वर्षभर एकत्र राहायचं आणि नेतृत्व व व्यक्तिमत्त्व विकास शिकायचा. म्हणजे नेमकं काय, हे मला जायच्या आधी कुणी सांगू शकलं नाही. तिथून आल्यावर मलाही सांगता येत नाही. खाली सांगते त्यातलं काही रचलेलं आहे अशी शंका तुम्हाला आली तर येऊ द्या. मलाही आली असती.

* * *

माझ्या पप्पांचं पिंप्राळ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. कुलपं विकून आमचं घर चाललं, त्यामुळे आमच्याकडे फ्रीजलासुद्धा कुलूप आहे. मला शाळेत पाठवताना आईने पेटीत दोन कुलपं टाकली. एक लावायला, आणि एक ते पहिलं कुणी तोडलं तर लावायला.

पहिल्याच दिवशी सर हॉलमध्ये आले ते हातात प्लास्टिकची बादली घेऊन. शाळा तेच चालवायचे. म्हणाले, इथे कशालाच कुलूप नसतं. खोलीला नाही, पेटीला नाही, माझ्या ऑफिसलाही नाही. आणलेली कुलपं या बादलीत टाका, जाताना परत मिळतील. बादली भरून वर शीग आली. ती वर्षभर ऑफिसबाहेर उघड्यावर पडून होती, आणि मी येता-जाता तिच्याकडे बघून घ्यायचे, कारण त्यात आमची दोन चांगल्या कंपनीची होती.

आमच्या खोलीत आम्ही तिघी. मी, धुळ्याची यास्मिन आणि चोपड्याकडची वैशाली. यास्मिनच्या अब्बांचं गाद्या भरण्याचं काम, आणि तिचा स्वभाव माझ्यासारखाच. तिने पेटीच्या झाकणावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला आणि झोपली. सकाळी बघते तर पावडरवर बोटांचे ठसे. तिने मजल्यावरच्या सगळ्या मुलींना उभं केलं आणि एकेकीच्या हाताचा वास घेत फिरली. शेवटी वैशाली हळूच म्हणाली, वास तर तुझ्याच बोटांना येतोय.

झालं असं होतं की कुणी पेटी उघडली का, हे बघायला यास्मिननेच पहाटे उठून पेटी उघडली होती. हे तिला आठवलं, पटलं, आणि तरी ती म्हणाली, "पण मी एकदाच उघडली होती. ठसे जास्त आहेत."

* * *

आता वैशालीचं सांगायला हवं, कारण वर्षभर आमच्या सगळ्यांच्या जीवाला घोर होता तो तिचाच.

तिच्या घरची केळीची शेती. घड कापायला, वाहायला, गाडीत भरायला गावातल्या बायका येतात. त्या बायकांचा एक गट उभा करायचा, त्यांच्या वतीने व्यापाऱ्याशी आपण बोलायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. अडचण एवढीच की चार माणसांत उभी राहिली की तिचा आवाज घशातच राहायचा. म्हणून ती या शाळेत आली होती. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, परवानगी दिली ती एका अटीवर. ज्या दिवशी शंका येईल त्या दिवशी पेटी बांधून घरी. आणि एकदा पेटी घरी गेली की ती पुन्हा बाहेर पडायची नाही, हे आबांनी सांगितलं नव्हतं, पण वैशालीला माहीत होतं.

आबा धुळ्याला ठिबकचं सामान घ्यायला आले की न सांगता शाळेत डोकवायचे. मोटारसायकलच्या मागच्या कॅरियरला एक जाड, पिवळा नायलॉनचा दोर गुंडाळलेला असायचा. पेटी बांधायला. आम्ही खिडकीतून आधी दोर बघायचो, मग आबांना.

पहिल्या खेपेला त्यांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, "कोनता पक्ष शे हाऊ?" पुढारी बनवायची शाळा म्हणजे मागे कुठला तरी पक्ष असणारच, असा त्यांचा हिशोब. कुठलाच पक्ष नाही हे सरांनी परोपरीने सांगितलं. त्यावर आबांची शंका वाढली, कारण जो पक्ष स्वतःचं नावच सांगत नाही तो किती बेरकी असेल.

दुसऱ्या खेपेला त्यांना वाटलं की ही साखळीवाली कंपनी आहे, माणसाने माणूस जोडायचा असली. त्यांनी मला गाठलं. मी दुकानदाराची मुलगी, खरं बोलेन असं त्यांना का वाटलं देव जाणे.

"तुमले आखो दोन जन आनाले सांगेल शे का?" आणखी दोन जण आणायला सांगितलंय का, असं ते विचारत होते.

मी जरा आठवलं आणि खरं ते सांगितलं, की हो, पुढच्या वर्षासाठी दोन-दोन मित्रमैत्रिणींना सांगा असं सर म्हणाले आहेत. आबांचा हात थेट दोरावर गेला. सरांना आणि आम्हा सगळ्यांना मिळून त्यांना परत खुर्चीत बसवायला चहाचे दोन राउंड लागले. तेव्हापासून आबा आले की यास्मिन मला आधी मागच्या खोलीत पाठवायची.

* * *

शाळेत एक खेळ होता, गुप्त मित्र. प्रत्येकाला एका माणसाचं नाव मिळायचं आणि आठवडाभर त्या माणसाला कळू न देता त्याचं भलं करायचं. सरांचा हेतू चांगला होता. पण तुम्हीच विचार करा, कुणी कारण नसताना तुमच्याशी चांगलं वागायला लागलं तर तुम्ही काय कराल?

आमच्यात हेमंत नावाचा मुलगा होता, शिरपूरचा. त्याचा शर्ट कुणीतरी धुऊन, घडी करून ठेवला. त्याने आधी खिसे तपासले, मग शिलाई तपासली, आणि शेवटी तो शर्ट स्वतः परत धुतला.

माझ्या उशीजवळ एके दिवशी मेथीचा लाडू ठेवलेला. साजूक तुपाचा, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. मी तो हातात घेऊन बराच वेळ विचार केला. मग अंगणात गेले, समोर हेमंत दिसला, त्याला म्हटलं, घे, अर्धा तू खा. त्याने घेतला. मी म्हटलं, खा ना. तो म्हणाला, तू खा आधी. आम्ही दोघं अर्धा-अर्धा लाडू हातात धरून कठड्यावर बसून राहिलो. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि दोन्ही अर्धे आम्ही कुत्र्याला घातले. कुत्रं आधी वास घेत बसलं, म्हणजे तेही शाळेत मुरलेलं होतं.

शनिवारी नावं उघड झाली. माझा गुप्त मित्र हेमंतच होता. लाडू त्याच्याच आईने केलेला. मी त्याला विचारलं, अरे, तुझाच लाडू होता, तर तू का नाही खाल्लास?

हेमंत म्हणाला, "तू मला अर्धा का देतेयस, हे कळेना."

* * *

रविवारी घरी फोन करायची मुभा असायची. आबा व्हिडिओ कॉल करायचे आणि चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. वैशालीला फोन खोलीभर फिरवायला लावायचे. पंखा दाखव, खिडकी दाखव, गज आहेत का दाखव. एकदा मी कॉटवर चादर ओढून पडले होते, तर, त्या चादरीखाली कोण आहे ते दाखव. मी उठून नमस्कार केला. दोन अजून माणसं आणली का, असं त्यांनी विचारलं.

मग दर वेळी एक प्रश्न यायचा, या आठवड्यात काय शिकवलं? एका रविवारी वैशाली उत्साहात म्हणाली, आबा, या आठवड्यात आम्हाला ऐकून घ्यायला शिकवलं. समोरचा बोलत असताना मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं.

आबांनी फोन तोंडाजवळ धरला. मग आवाज आला, "हाई शिकाले तितला दूर कसाले जानं? घर कधी ऐकेल शे तू?"

घरी कधी ऐकलंस, या प्रश्नावर मागून वैशालीच्या आईचं हसू ऐकू आलं. पण वैशाली काही हसली नाही. ती गंमत नव्हती, असं तिचं म्हणणं. आबा कारण शोधताहेत, आणि एक ना एक दिवस ते त्यांना सापडेल.

* * *

दर महिन्याला आम्ही आमच्यातून एक नायक निवडायचो. चिठ्ठीवर नाव लिहायचं, डब्यात टाकायचं. पहिल्या निवडणुकीत काय झालं हे तुम्ही ओळखलंच असेल. ज्याने त्याने स्वतःचं नाव लिहिलं. सर एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते आणि प्रत्येकाला एकेक मत पडत होतं. कुणी वर बघेना.

गडबड एवढीच झाली की वैशालीला दोन मतं पडली. ती निवडून आली.

आता यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही? आमच्यापैकी कुणी वाजवल्या नाहीत. सगळे हिशोब लावत बसले. एकाने स्वतःला मत दिलेलं नाही, म्हणजे आपल्यात एक माणूस वेगळा आहे, आणि त्याने हे कशासाठी केलं? कुणाच्या नावाला मत पडलं नाही ते बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, पण तोवर सरांनी चिठ्ठ्या चुलीत टाकल्या होत्या. सरांनी मुद्दाम टाकल्या असा यास्मिनचा संशय. तो एक माणूस कोण, यावरून ग्रुपवर आजही भांडण होतं, आणि आता मात्र प्रत्येक जण म्हणतो की तो मीच होतो.

वैशाली नायक झाली आणि पहिल्या सभेत तिने उभं राहून तीन शब्द बोलून दाखवले, "जेवायला चला सगळे." खरं सांगते, मला भरून आलं होतं. आबांना फोनवर कळवलं तर त्यांनी एकच विचारलं, "तुलेच का?"

* * *

आणि मग आला तो ओटा.

अंगणातल्या दोन कडुनिंबांपैकी एकाखाली छातीएवढ्या उंचीचा सिमेंटचा ओटा होता. एकाने वर चढायचं, पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि सरळ मागे पडायचं. खाली बाकीच्यांनी समोरासमोर उभं राहून हातांची जाळी करायची आणि त्याला झेलायचं. मागे वळून बघायचं नाही, गुडघे वाकवायचे नाहीत.

यास्मिन वर चढायच्या आधी प्रत्येकाचे दंड दाबून बघत गेली, भाजीवालीकडे वांगी बघावीत तशी. मग म्हणाली, अब्बांची एक गादी आणते, मग पडते. हेमंत डोळे मिटून उभा राहिला, पडायला लागला आणि अर्ध्यात ओरडला, "आहात ना?" आणि तिथेच खाली बसला. मी वर गेले, खालची माणसं बघितली आणि पायरीने खाली आले. वैशाली तर पहिल्या पायरीवरूनच परत फिरली. सर रागावले नाहीत. दर शनिवारी करून बघू, म्हणाले. शनिवारमागून शनिवार गेले आणि आमच्यातलं एकही माणूस पडलं नाही.

वैशालीने फोनवर आईला सहज सांगितलं की सध्या आम्हाला पाठीवर पडायला शिकवताहेत. फोन स्पीकरवर होता. आबा जेवायला बसले होते.

* * *

पुढच्याच शनिवारी आबा आले. आम्ही खिडकीतून दोर बघितला. तो या खेपेला रिकामा नव्हता. कॅरियरवर केळीचा एक हिरवागार घड त्या दोराने बांधलेला होता. रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून आणलेला. आबांनी दोर सोडला, घड ओट्यावर ठेवला आणि मोकळा झालेला दोर खांद्यावर टाकला. वैशालीने माझा हात धरला.

आबा सरांना म्हणाले, "पोरले लई जास. पडाले शिकाडतस ती कसानी शाळा?"

पोरीला घरी न्यायलाच आले होते ते. सरांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की आज शनिवार आहे, आता आम्ही ओट्यावरच जाणार होतो, बघून जा. वैशालीची पेटी भरायला वेळ लागेलच.

आम्ही दोन रांगा करून उभे राहिलो. आबांनी ओट्याला एक फेरी घातली, उंची बघितली, आमचे हात बघितले. मग म्हणाले, पहिले घड टाकू. कच्ची केळी नुसती आपटली तरी पिकल्यावर काळी पडतात, तिथे माणसाचं काय, असा त्यांचा सवाल होता. ते घड घेऊन वर चढले.

तेवढ्यात वैशाली ओरडली. आमची वैशाली! "बोटं लावू नका, घड दाबू नका, हात पसरा, मनगटावर घ्या!" चांगल्या मोठ्या आवाजात. आबांनी वरून एकदा तिच्याकडे बघितलं आणि घड सोडला.

आम्ही झेलला. माझ्या मनगटाला कळ गेली, पण घड तसाच वर राहिला. आबा खाली आले, घड उलटासुलटा केला आणि एकेक फणी, एकेक केळ बोटाने चाचपून बघितलं. कुठे डाग नाही, कुठे चीर नाही. त्यांचा चेहरा तसाच. सुटलो असं आम्हाला वाटलं.

मग त्यांनी खांद्यावरचा दोर काढून ओट्याच्या कडेला ठेवला. चपला काढल्या. आणि पुन्हा वर चढून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. सर पुढे झाले, आबा, तुम्ही राहू द्या, म्हणाले. आबांनी ऐकलं नाही.

"वैशाली, तू बाजूले व्हय," ते मागे न बघता म्हणाले. "आंडेर शे, ती धरीच. बाकीना काय करतस ते देखू दे."

लेक आहे, ती धरणारच. बाकीचे काय करतात ते बघायचंय. वैशाली माझ्या शेजारी होती. ती एक क्षण थांबली, मग रांगेतून बाहेर पडली. जागा मोकळी झाली तशी यास्मिन सरकली, मी सरकले, आणि समोरून हेमंतने माझं मनगट घट्ट धरलं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आबा पडले. गुडघे न वाकवता, मागे न बघता. वजन असं आलं की माझे पाय मातीत रुतले, पण हात सुटले नाहीत. त्यांची टोपी उडून वैशालीच्या पायाशी पडली. आबा आमच्या हातांवर तसेच आडवे राहिले, वरचा कडुनिंब बघत. उठायची त्यांना काही घाई दिसेना.

आम्ही त्यांना उभं केलं. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि वैशालीसमोर जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, संपलं.

"बाप पडी ऱ्हायना अन् तू बाजूले व्हयनी?"

बाप पडतोय आणि तू बाजूला झालीस? मला तर वाटलं की ते ओट्यावर चढले तेच हा प्रश्न विचारायला.

वैशालीचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आबा, माले माहित व्हतं. त्या धरतीन."

त्या धरतीन, म्हणजे आम्ही सगळे. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे, यास्मिनकडे जरा जास्तच वेळ. ओट्यावरून दोर उचलला. वैशालीने डोळे मिटून घेतले. आबा माझ्यापुढे आले आणि दोर माझ्या हातात दिला.

"हाऊ दोर ऱ्हाऊ द्या आठे. कपडा वाळाडाले कामले यी."

आम्ही तो लगेच दोन कडुनिंबांच्या मध्ये बांधला. एक गाठ मी मारली, एक यास्मिनने. आबा चपला घालून आले, दोन्ही गाठी स्वतः ओढून बघितल्या, माझी सोडून पुन्हा मारली आणि गाडीला किक मारून निघून गेले.